मंडळीचा हिशोब मागितला म्हणजे शांती मोडली असं होतं का?

प्रवराकाठची

जय ख्रिस्त सगळ्यांना.

बरेच दिवस इथे नुसती वाचते आहे, आज पहिल्यांदाच लिहिते. नगर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावात आमची मंडळी (चर्चची सभासद माणसं) आहे. माझे मिस्टर चर्चचा कारभार बघणाऱ्या पंचकमिटीत आहेत. गेल्या वर्षी चर्चचे पत्रे बदलले. पैसे उपकारस्तुतीच्या (देवाचे आभार मानायच्या उपासनेच्या) लिलावातून आले होते, मुंबई-पुण्याला नोकरीला गेलेल्यांनी पाठवले होते, आणि दोन-तीन म्हाताऱ्या बायांनी कोंबड्या विकूनही दिले होते. काम मिळालं खजिनदारांच्या मेव्हण्याला. कोटेशनं मागवलीच नाहीत. पहिल्या पावसात वेदीच्या बाजूला गळायला लागलं.

वार्षिक सभेत मिस्टरांनी उभं राहून बिलं मागितली. खजिनदार म्हणाले, "तुझा बाप चिटणीस होता तेव्हा कुणी बिलं मागितली होती का?" सासऱ्यांना जाऊन फार दिवस झाले नाहीत. त्यांचं नाव निघाल्यावर यांचा तोल गेला. आवाज इतका चढला की रविवारच्या शाळेची पोरं दारात येऊन उभी राहिली. पाळकसाहेबांनी प्रार्थना करून सभा संपवली. हिशोब तिथेच राहिला.

आता मंडळीत दोन बाजू झाल्या आहेत, बसायच्या सुद्धा. शांतीच्या अभिवादनाला खजिनदारांच्या घरची माणसं हात पुढे करत नाहीत आणि आमचे हे गीतांच्या पुस्तकात डोकं घालून उभे राहतात. व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर रोज सकाळी वचनं पडतात, समोरच्याला बरोबर लागतील अशी निवडून.

हे सगळं एक वेळ सोसलं असतं. पण ते घरात आलं आहे. मुलगा अकरावीला आहे, त्याने रिचार्जचे पैसे मागितले तर यांनी त्याची उलटतपासणीच घेतली. दूधवाल्याशी अर्ध्या लिटरवरून तास गेला. रात्री जाग आली की बघावं तर हे अंधारात ग्रुपवरच्या कुणाला तरी उत्तर लिहीत बसलेले. माणूस मुळात सरळ आहे, कुणाच्या एका पैशाला हात लावणारा नाही. परवा स्वतःच म्हणाले, "मला भांडायचं नसतं गं, पण तोंड उघडलं की भांडणच बाहेर पडतं."

मला विचारायचं आहे ते असं. गप्प बसणं म्हणजेच ख्रिस्ती शांती का? मग गरिबाच्या पैशाचं काय? आणि भांडणाची ही सवय माणसाच्या अंगातून काढायची कशी? येत्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन (प्रभूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षारस घ्यायचा विधी) आहे. गेले दोन महिने हे त्या वेळी उठून बाहेर जातात. यांनी भोजन घ्यावं की नाही, हेही कळत नाही.

---

कृपा_सोलापूर

ताई, त्यांना कमिटीचा राजीनामा द्यायला सांगा. जे शांती करणारे ते धन्य (मत्तय 5:9). माणसाने हिशोब नाही दिला तरी देव घेतल्याशिवाय राहत नाही. ग्रुपमधून बाहेर पडा, प्रार्थना करा, विसरून जा. आमच्या घरी आम्ही असंच केलं आणि आज बरं चाललं आहे.

---

स्पष्टवक्ता_नाशिक

राजीनामा अजिबात देऊ नये. मंडळीची मालमत्ता नोंदणीकृत विश्वस्त संस्थेची असेल तर महाराष्ट्रात 1950 चा सार्वजनिक विश्वस्त कायदा लागू होतो. हिशोब ठेवणं ही विश्वस्तांची जबाबदारी आहे, ते काही कुणाचे उपकार नव्हेत. धर्मादाय आयुक्तांकडे तक्रार करता येते. असल्या लोकांना गोड बोलून काही कळत नाही. प्रभूने सुद्धा मंदिरात सराफांचे चौरंग उलथून टाकले होते!

---

पाळकीणबाई

ताई, जय ख्रिस्त. आमचे साहेब पाळक होते. नेवासा, राहुरी, संगमनेर, मग जालन्याकडे, असा बदल्या-बदल्यांत आमचा संसार झाला. उपासनेच्या वेळी माणसं जपून बोलतात, पाळकाच्या स्वयंपाकघरात मोकळं बोलतात. भांडणं मी तिथे ऐकली. वरचे दोघेही तुमच्या काळजीनेच लिहीत आहेत, पण दोघांचंही मला अर्धंच पटतं.

तुमच्या घरात दोन गोष्टी एकमेकींत गुंतल्या आहेत, हिशोब आणि भांडण. हिशोब सोडायचा नाही, भांडण सोडायचं. राजीनामा दिला तर नेमकं उलटं होईल. हिशोब सुटेल आणि भांडण कायमचं तुमच्या घरी मुक्कामाला येईल. तक्रार अर्ज केला तर कदाचित हिशोब मिळेल, पण तुमचा मुलगा ज्या मंडळीत पुढे लग्नाला उभा राहणार तीच दुभंगलेली असेल. पौलाने करिंथकरांना कोर्टकचेरीवरून किती कळवळून लिहिलं आहे ते पहिल्या पत्राच्या सहाव्या अध्यायात वाचा. सगळे दरवाजे वाजवून झाले आणि गरिबाचा पैसा खरंच बुडत असला तर कायदा आहे, तोही देवाचीच सोय आहे. पण तुमच्याकडे अजून पहिलाच दरवाजा वाजवलेला दिसत नाही.

आता हिशोबाचं. तो मागणं पाप नाही, हे पौलाकडूनच घ्या. यरुशलेमेतल्या गरीब बांधवांसाठी त्याने मासेदोनिया आणि अखया इथल्या मंडळ्यांकडून वर्गणी जमवली. ती एकट्याने नेली नाही. आपला सहकारी तीत याच्याबरोबर मंडळ्यांनी नेमलेला एक भाऊ दिला, वर आणखी एक दिला, आणि कारणही लिहून ठेवलं: एवढ्या मोठ्या देणगीच्या कामात कुणी आम्हाला बोल लावू नये म्हणून आम्ही जपतो, प्रभूसमोर चांगलं ते तर करायचंच, माणसांसमोरही चांगलं ते करायचं (2 करिंथ 8:20-21). प्रेषिताला जी काळजी घ्यावीशी वाटली ती तालुक्याच्या मंडळीत घेतली तर त्यात कुणाचा अपमान नाही. मात्र हे वचन ग्रुपवर टाकू नका. ते तुमच्या मिस्टरांच्या मनाच्या आधारासाठी आहे, म्हणजे आपण चुकीचं काही मागितलं नाही हे त्यांना दर वेळी ओरडून सिद्ध करावं लागणार नाही. माणूस पुष्कळदा ओरडतो तो आतून घाबरलेला असतो म्हणून.

प्रेषितांची कृत्ये, सहावा अध्यायही बघा. पहिल्या मंडळीतली पहिली मोठी कुरकुर अन्नाच्या वाटपावरून झाली. ग्रीक बोलणाऱ्या विधवांना रोजच्या वाटपात डावललं जात होतं. प्रेषितांनी कुरकुर करणाऱ्यांना "शांती राखा" म्हणून गप्प बसवलं नाही. सात जण निवडायला लावले आणि काम त्यांच्याकडे सोपवलं. स्तेफन, फिलिप्प, प्रखर, नीकानोर, तीमोन, पर्मिना, नीकलाव, सातही नावं ग्रीक. ज्यांची तक्रार, त्यांच्याच माणसांच्या हातात वाटप! एवढं मोठं मन आणि एवढी व्यवहारी तोड. पाळकसाहेबांशी बोलताना हे काढा. पुढच्या बांधकामाला दोन्ही बाजूंची माणसं असलेली छोटी समिती नेमली तर निम्मा वाद तिथेच संपेल.

पण हे झालं मंडळीचं. तुम्ही विचारलंत ते माणसाच्या अंगातल्या भांडणाचं. त्यासाठी एक प्रसंग सांगते.

एका गावी दोन चुलत भाऊ होते, शेताला शेत लागून. बांधावरून वाजलं. धाकटा प्रभुभोजनाला येईनासा झाला, तुमच्या मिस्टरांसारखाच. आमचे साहेब एका शनिवारी संध्याकाळी थोरल्याकडे गेले, मीही बरोबर होते. ओट्यावर भुईमुगाच्या शेंगांचा ढीग होता, आम्ही दोघं शेंगा फोडायला बसलो. बराच वेळ कुणी काही बोललं नाही. मग साहेब म्हणाले, "उद्या भाकर मोडायची आहे. तुझ्या भावाची जागा रिकामी दिसते."

थोरला उसळला. "माझं काय चुकलं? बांध माझाच आहे."

साहेब म्हणाले, "बांध तुझाच धर. बांधावर उभा राहून तू त्याला काय बोललास तेवढं सांग."

त्याचा शेंगा फोडणारा हात थांबला. धाकट्याला मूलबाळ नव्हतं. थोरल्याने भर दुपारी, गड्यांच्या देखत म्हटलं होतं, "एवढी जमीन कुणाला ठेवणार आहेस?"

साहेबांनी उपदेश केला नाही, वचन काढलं नाही. उरलेल्या शेंगा फोडून आम्ही निघालो. थोरला त्याच रात्री बॅटरी घेऊन भावाकडे गेला, हे आम्हाला दुसऱ्या दिवशी त्याच्या बायकोने सांगितलं. तिथे त्याने बांधाचा विषयच काढला नाही. एवढंच म्हणाला, "तो शब्द मी बोलायला नको होता. माझं चुकलं." पुढे सरकारी मोजणी झाली, बांध थोरल्याचाच निघाला, आणि हद्दीचे दगड रोवायला धाकटा स्वतः पहार घेऊन आला.

मत्तय 5:23 नीट वाचा. वेदीजवळ अर्पण आणलं आणि आठवलं की "आपल्या भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे". माझ्या मनात त्याच्याविरुद्ध काय आहे, हे प्रभू तिथे विचारतच नाही. कोण बरोबर, कोण चूक, हेही विचारत नाही. ज्याला आठवलं त्याने उठायचं. तुमचे मिस्टर दोन महिने त्या वेळी उठतात खरे, पण दाराबाहेर जाऊन थांबतात. प्रभू सांगतो, उठलासच तर त्याच्या घरापर्यंत जा आणि परत ये. भोजन घ्यावं की नाही याचं उत्तर मला तरी याहून वेगळं देता येणार नाही. दूर राहायला सांगितलेलं नाही, जाऊन यायला सांगितलं आहे.

मत्तय 18:15 मध्ये क्रमही दिला आहे. आधी तू आणि तो, दोघेच. मग एक-दोघांना बरोबर घेऊन. मग मंडळी. तुमच्याकडे शेवटची पायरी पहिल्यांदा चढली गेली. भरल्या सभेत बिलं मागितल्यावर निर्दोष माणूस सुद्धा आधी स्वतःची अब्रू सांभाळायला धावतो.

घरात काय करायचं ते बायकांनी बायकांशी बोलायचं आहे, म्हणून आता तुमच्यासाठी लिहिते. नीतिसूत्रे 26:20 मध्ये आहे की सरपण संपलं की विस्तव विझतो, आणि कानाशी लागणारा नसला की तंटा मिटतो. हे सरपण तुमच्या घरी कोण आणून टाकतं ते बघा. संध्याकाळी चहाला येतात आणि "ते तुमच्याबद्दल असं म्हणत होते" एवढं सांगून जातात, तीच माणसं. ती वाईट असतात असं नाही, पुष्कळदा ती तुमच्याच बाजूची असतात. चहा द्यायचा, निरोप घ्यायचा नाही. "काका, त्यांच्याबद्दलचं आमच्याकडे नको" एवढं तुम्ही म्हणालात तरी पुरे, मिस्टरांना म्हणावं लागणार नाही. सुरुवातीला लोक नाराज होतात. होऊ द्या.

रात्री फोन स्वयंपाकघरात ठेवायचा. सूर्य मावळायच्या आत राग सोडा असं पौल इफिसकरांना लिहितो. अंधार पडल्यावर लिहिलेलं उत्तर सकाळी वाचलं की आपलंच आपल्याला ओळखू येत नाही. उत्तर लिहायचंच असेल तर दिवसाउजेडी, आणि पाठवायच्या आधी तुम्हाला वाचून दाखवायचं. तुम्ही हसू नका, चूक काढू नका. मोठ्याने वाचताना त्यांचं त्यांनाच कळेल.

आणि कौटुंबिक प्रार्थनेत खजिनदारांचं नाव घ्या, मुलासमोर, मोठ्याने. "त्यांना सद्बुद्धी दे" अशी प्रार्थना नको, ती प्रार्थनेच्या आडून केलेली तक्रार असते. त्यांच्या घरी कुणी आजारी असेल, कुणाची परीक्षा असेल, शेतात काही असेल, त्यासाठी करा. पहिल्या दिवशी घशातून शब्द निघणार नाही. मग तुम्ही करा, त्यांनी फक्त आमेन म्हणावं.

स्वभाव एका रात्रीत पालटत नाही, एवढंही सांगते. रेव्हरंड ना. वा. टिळकांएवढा प्रभूवर जीव टाकणारा कवी आपल्यात दुसरा झाला नाही, आणि त्यांचा शीघ्रकोप लक्ष्मीबाईंनी लपवून ठेवला नाही. त्यांच्या रागाचं वाचून मला कधी टिळकांबद्दल कमी वाटलं नाही. उलट वाटलं की अशा माणसालाही प्रभूने हातात धरून ठेवलं.

शेवटी एक विचारायचं आहे. खजिनदार काय म्हणाले ते तुम्ही लिहिलंत. तुमचे मिस्टर त्यावर काय म्हणाले ते लिहिलं नाहीत.

---

मंडळीचा_इतिहास_पुणे

पाळकीणबाईंनी हिशोब आणि भांडण वेगळं केलं त्यावरून हेर्नहुटची वस्ती आठवली, म्हणून थोडं लिहितो. जर्मनीत सॅक्सनी प्रांतात काउंट झिंझेनडॉर्फने 1722 पासून आपल्या जमिनीवर मोराव्हियातून छळामुळे पळून आलेल्या ख्रिस्ती कुटुंबांना आसरा दिला. श्रद्धेसाठी घरदार सोडून आलेली माणसं, पण चार-पाच वर्षांत आपसांत अशी भांडली की वस्ती मोडायची वेळ आली. उपासना कुठल्या पद्धतीने करायची, कुणाची शिकवण शुद्ध, यावर रोज वाद. ज्याने आसरा दिला त्या काउंटलाच प्रकटीकरण या बायबलच्या शेवटच्या पुस्तकातलं श्वापद ठरवण्यापर्यंत मजल गेली.

काउंट ड्रेस्डेनच्या दरबारातली नोकरी बाजूला ठेवून वस्तीत राहायला आला आणि घरोघर जाऊन बोलत राहिला. 12 मे 1727 ला सगळ्यांनी एकत्र राहण्याचे नियम मान्य करून त्याखाली सह्या केल्या. मग 13 ऑगस्टला शेजारच्या बेर्थेल्सडॉर्फच्या चर्चमध्ये प्रभुभोजनाला बसले, तेव्हा माणसं रडत एकमेकांच्या गळ्यात पडली. त्याच महिन्याच्या 27 तारखेला त्यांनी आळीपाळीने चोवीस तासांची प्रार्थना सुरू केली. ती शंभर वर्षांहून जास्त चालली. 1732 मध्ये त्यांचे पहिले मिशनरी वेस्ट इंडीजमधल्या सेंट थॉमस बेटावर गुलामांमध्ये गेले.

आपल्याकडे प्रवचनात ऑगस्टच सांगतात, मे राहून जातो. रडून गळ्यात पडण्याआधी त्यांनी तीन महिने कागदावरच्या नियमांप्रमाणे राहून बघितलं होतं, आणि त्याहीआधी कुणीतरी दारोदार फिरलं होतं. ताईंच्या मंडळीत कोटेशनं मागवायची, बिलं फलकावर लावायची, असा चार ओळींचा ठराव झाला तर तोही शांतीच्याच कामाचा भाग आहे.

---

वसईकर

आम्ही कॅथलिक, तरी राहवलं नाही म्हणून लिहितो. सहाव्या शतकात संत बेनेडिक्टने मठवासीयांसाठी नियम लिहिले. प्रार्थना करणारी, एकाच छपराखाली राहणारी माणसं, तरी तो गृहीत धरून चालतो की यांच्यात खटके उडणारच. म्हणून त्याने सांगून ठेवलं की सकाळच्या आणि संध्याकाळच्या प्रार्थनेत मठाधिपतीने "हे आमच्या स्वर्गातील बापा" पूर्ण मोठ्याने म्हणावं, सगळ्यांना ऐकू जाईल असं. कारण भांडणाचे काटे रोज उगवतात, आणि "जशी आम्ही क्षमा करतो तशी आम्हांला क्षमा कर" हे कानावर पडलं की माणसाला आपण देवाला काय कबूल केलं आहे ते आठवतं. इतर प्रार्थनांच्या वेळी फक्त शेवट मोठ्याने. दिवसातून दोन वेळा मात्र पूर्ण.

त्याच नियमांत आणखी दोन सूचना आहेत. ज्याच्याशी बिनसलं त्याच्याशी सूर्यास्ताआधी समेट कर, आणि खोटी शांती देऊ नकोस. दुसरी मला फार मोलाची वाटते. कृपाताई, तुमचा हेतू चांगलाच आहे, पण विसरून जा म्हटल्याने पुष्कळदा ही खोटी शांतीच हातात येते.

आमच्या मिस्साविधीत "आमच्या बापा" झाल्यावर शांतीचं चिन्ह देतात आणि मगच ख्रिस्तशरीर स्वीकारायला रांग लागते. माझी आजी तेर्स (जपमाळेची प्रार्थना) झाल्यावर घरातल्या सगळ्यांना एकमेकांकडे तोंड करून "आमच्या बापा" म्हणायला लावायची. ज्या दोघांचं त्या दिवशी वाजलं असेल त्यांना ती शेजारी शेजारी बसवायची. तुमच्या घरी मुलासाठी हे करून बघा, ताई. त्याच्यावर रिचार्जचा राग निघाला आहे ना? मंडळीचं मिटायला वेळ लागेल, त्याचं आज रात्री मिटू शकतं.

---

प्रवराकाठची

सगळ्यांचे आभार. पाळकीणबाई, तुमचा शेवटचा प्रश्न वाचून फोन बाजूला ठेवला आणि दोन दिवस उत्तर दिलं नाही.

हे म्हणाले होते, "पत्रे खाल्लेस, आता वेदीवरची भाकर पण खा." आणि चोर म्हणाले. त्या दिवशी सभेत खजिनदारांच्या थोरल्या मुलीसाठी आलेल्या स्थळाकडचे काका बसले होते. बोलणी जवळजवळ पक्की होती. त्यानंतर ते लोक पुढे आलेच नाहीत. सभेमुळे की आणखी कशामुळे, कोण जाणे. पण मुलीची आई माझ्याशी तेव्हापासून बोलत नाही. आम्ही दोघी महिला मंडळात शेजारी बसायचो. मुलगी आमच्याच रविवारच्या शाळेत शिकवते.

काल रात्री वसईकर भाऊंनी सांगितलं तसं केलं. "जशी आम्ही क्षमा करतो" इथे आल्यावर हे थांबले. मुलगा पुढे म्हणून मोकळा झाला. नंतर यांनी त्याला जवळ घेऊन "चुकलं रे" म्हटलं. मग मी तुमचा सगळा मजकूर वाचून दाखवला, शेंगांचा भाग दोनदा. बऱ्याच वेळाने म्हणाले, "मी जाईन. पण मी चोर म्हटल्याबद्दल माफी मागितली तर तो म्हणेल, बघा, बिलांचं खोटं होतं म्हणून आला. आणि बापाचं नाव त्याने काढलं त्याचं काय?"

याला काय उत्तर देऊ? शुक्रवारी जायचं म्हणतात. मी बरोबर जाऊ का? आणि त्यांनी दारच उघडलं नाही तर?

---

पाळकीणबाई

अगं, आता 'तुम्ही' म्हणवत नाही. मोठं काम केलंस.

तू बरोबर जाऊ नकोस. "तू व तो एकांती असताना" असं प्रभू म्हणतो, तिथे बायको आली की दोन्ही पुरुष आपापला मान सांभाळायला लागतात. तू त्याच वेळी किंवा दुसऱ्या दिवशी त्या माउलीकडे जा, मागच्या दाराने. तिच्या मुलीचं स्थळ गेलं, ते तुझ्या घरच्या शब्दाने गेलं की नाही याची चौकशी करू नकोस. नुसती जाऊन बस.

मिस्टरांना सांग, त्या दिवशी फक्त एकच बोलायचं: "चारचौघांत मी तुम्हाला चोर म्हणालो आणि प्रभूच्या भाकरीवरून बोललो. ते माझं चुकलं. पाहुण्यांच्या देखत बोललो, त्याने तुमच्या घरावर जे आलं असेल त्याचं मला वाईट वाटतं." इथे थांबायचं. 'पण' म्हणायचं नाही. बिलांचा विषय काढायचा नाही. त्यांनी काढला तर, "त्याचं कमिटीत बोलू, आज मी त्यासाठी आलो नाही." बापाच्या नावाचं त्यांनी माफी मागितली तर घ्यायची, नाही मागितली तर आठवण करून द्यायची नाही. ते त्यांचं आणि देवाचं. तुझ्या सासऱ्यांचा मान कुणाच्या एका वाक्याने जाणारा असता तर तो इतकी वर्षं मंडळीत टिकला नसता.

लोक म्हणतील, हरला म्हणून गेला. म्हणू देत. पौल आणि बर्णबा मार्कावरून इतके भांडले की वेगळ्या वाटांनी गेले, आणि लूकने ते लपवलं नाही. पुष्कळ वर्षांनी तोच पौल तीमथ्याला लिहितो की मार्काला घेऊन ये, तो सेवेसाठी मला उपयोगी आहे. पौलाची अब्रू त्याने गेली का?

दार उघडलं नाही तर परत यायचं आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा जायचं. "तुमच्याकडून होईल तितकं" असं रोमकरांस 12:18 मध्ये आहे, त्यांच्याकडचं ओझं तुमच्यावर टाकलेलं नाही. एकदा जाऊन आलात की रविवारी भोजन घ्या, दार उघडलेलं असो वा नसो. हे माझं मत. तरी तुमच्या पाळकसाहेबांना आधी सांगा, त्यांच्या पाठीमागे काही नको.

बिलांचा अर्ज प्रभुभोजनानंतरच्या आठवड्यात द्यायचा. चिटणीसांच्या नावे, खजिनदारांच्या नाही. मी लिहून देते, तसाच उतरवून घे: "छताच्या दुरुस्तीसाठी जमा झालेली रक्कम व झालेला खर्च यांचा तपशील पावत्यांसह पुढच्या कमिटी सभेत ठेवावा, तसेच वेदीच्या बाजूची गळती पावसाळ्यापूर्वी दुरुस्त करून घ्यावी, ही विनंती." बाकी एक शब्द नको. खाली मिस्टरांची सही, आणि जमलं तर दुसऱ्या बाजूच्या बाकावरच्या एखाद्याची. गळतं तर त्यांच्याही डोक्यावर.

शुक्रवारी किती वाजता जाणार ते कळव, मी त्या वेळी प्रार्थनेला बसेन. खजिनदारांसाठी आणि त्यांच्या मुलीसाठीही करायची आहे. नावं इथे सगळ्यांसमोर लिहू नकोस, मला खासगी निरोपात पाठव.